बाईची निवड बायकांनीच करायची

सप्टेंबर २०१४ ते जानेवारी २०१५ या काळात उत्तर सीरियातल्या कोबानी या कुर्दी शहराला आयसिसचा वेढा पडला होता, तेव्हा जगभरच्या वर्तमानपत्रांत एकाच तऱ्हेचे फोटो येत होते. वेणी घातलेली तरुणी, खांद्याला कलाश्निकोव, गळ्यात फुलाफुलांचा रुमाल, मागे पडझड झालेली इमारत. त्या मुली खऱ्या होत्या, त्यांची लढाई खरी होती आणि त्यांतल्या कितीतरी जणी परतल्या नाहीत. पण त्या फोटोंमुळे कुर्दी बायकांची चळवळ म्हणजे बंदूक, अशी समजूत रुजली आणि शिकण्यासारखं जे होतं ते बाजूला राहिलं. माझ्या मते ते एका नियमात आहे. कुठल्याही समितीला दोन अध्यक्ष, एक बाई आणि एक पुरुष. आणि त्यातली बाई कोण असावी हे फक्त बायकांनी ठरवायचं.

हा नियम का मोलाचा, ते महाराष्ट्रातल्या वाचकाला फोडून सांगावं लागू नये. ७३व्या घटनादुरुस्तीने पंचायतीत बायकांना राखीव जागा दिल्या आणि पाठोपाठ गावोगाव सरपंचपती आला. सही तिची, कारभार त्याचा. जागा राखीव झाली, पण तिथे कुणाला बसवायचं हे बहुतेक ठिकाणी पुरुषांच्याच हातात राहिलं. कुर्दी बायकांनी नेमकं तेच त्यांच्या हातून काढून घेतलं. बाईला उभी करणं, निवडणं आणि काम जमत नसेल तर परत बोलावणं, हे सगळं बायकांच्या बैठकीकडे. पुरुष सहअध्यक्षाला मात्र सगळे मिळून निवडतात. यात बरोबरी नाही असा आक्षेप घेतला जातो. पण शतकानुशतकं एका बाजूला कललेला काटा मधोमध आणायचा, तर काही काळ दुसऱ्या बाजूला वजन टाकावंच लागतं.

सीरियाच्या उत्तरेला, तुर्कस्तानच्या सरहद्दीलगतच्या पट्ट्याला कुर्द लोक रोजावा म्हणतात. जुलै २०१२ मध्ये सीरियाचा सत्ताधीश असद याच्या फौजा तिथल्या बऱ्याच गावांतून आणि शहरांतून निघून गेल्या आणि कारभार चालवायची वेळ लोकांवर आली. जी रचना उभी राहिली तिची तळाची पायरी म्हणजे कोमीन. खेड्यात अख्खं गाव मिळून एक कोमीन. शहरात दोनचार गल्ल्या मिळून एक, तीसेक घरांपासून दीडदोनशे घरांपर्यंत. कोमीन उभी करायची तर आधी घरोघर फिरावं लागतं. कोणाकडे किती माणसं, कोण आजारी, कोणाचा रोजगार गेलाय, कोणत्या घरात कर्ता माणूस नाही, याची वही तयार होते. मग सगळ्यांची बैठक, सहअध्यक्षांची निवड आणि समित्या: संरक्षण, अर्थव्यवहार, शिक्षण, तंटे मिटवणं, बायकांचं काम वगैरे. कोमीनच्या वर मोहल्ल्याची परिषद, तिच्यावर शहर आणि आसपासची गावं, सगळ्यांत वर कँटन, म्हणजे प्रांतासारखा विभाग. या प्रत्येक पायरीवर परिषदा दोन असतात, एक सर्वांची आणि एक बायकांची. बायकांशी संबंध असलेला ठराव सर्वांच्या परिषदेने मंजूर केला तरी बायकांची परिषद तो अडवू शकते.

जानेवारी २०१४ मध्ये तीन कँटनांनी जो सामाजिक करार, म्हणजे आपली घटना, जाहीर केला, त्यात प्रत्येक समितीत आणि संस्थेत बायका किंवा पुरुष, कुणीही चाळीस टक्क्यांहून कमी नसावेत, असं लिहिलं. कोमीनमध्ये हाच आकडा कोरमलाही लावतात. बायका चाळीस टक्के नसतील तर ठराव होत नाही. याचा परिणाम अगदी व्यवहारी झाला. थंडीआधी डिझेलवाटपाचा निर्णय करून घ्यायचा असेल, तर पुरुषांनाच घरी जाऊन बायकांना बैठकीला चला म्हणावं लागतं.

कोरम भरला म्हणजे बाई बोलली, असं मात्र होत नाही. नव्या कोमीनमध्ये बायका येतात, भिंतीला टेकून बसतात, कडेवरच्या पोराला सांभाळतात, हात वर करायला सांगितलं की करतात. म्हणून बायकांची बैठक आधी व्हावी लागते. तिथे विषयपत्रिका वाचली जाते, मतभेद तिथेच होतात, कोण कुठल्या मुद्द्यावर बोलणार ते ठरतं. मग मोठ्या बैठकीत उभी राहणारी बाई एकटी नसते. तिच्या मागे ठरलेलं मत असतं आणि तिला मध्येच तोडलं तर 'तिला बोलू द्या' म्हणणाऱ्या चारजणी असतात. ही आधीची बैठक गळाली की वरचे सगळे आकडे कागदावर राहतात. बायकांच्या वेगळ्या बैठकीला 'फूट' म्हणणाऱ्यांना हे दिसत नाही, कारण त्यांना कधी मध्येच कुणी तोडलेलं नसतं.

हे सगळं २०१२ साली एका रात्रीत सुचलेलं नाही. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तुर्कस्तानातल्या कुर्दी भागातून मोठ्या संख्येने मुली पीकेके या सशस्त्र कुर्दी पक्षाच्या डोंगरातल्या छावण्यांत गेल्या. घरातून सुटून आलेल्या मुलींना तिथे पुन्हा पुरुषांचेच हुकूम मिळाले. १९९३ पासून बायकांच्या वेगळ्या तुकड्या होऊ लागल्या आणि १९९५ मध्ये बायकांची पहिली परिषद भरून स्वतंत्र संघटना निघाली. साकिने जान्सझ या १९७८ साली पक्ष स्थापन करणाऱ्यांपैकी एक. तुर्कस्तानातल्या दियारबाकिर या कुर्दी शहरातल्या तुरुंगाच्या छळात त्या तगल्या, आणि जानेवारी २०१३ मध्ये पॅरिसमध्ये आणखी दोन कार्यकर्त्यांसह गोळ्या घालून त्यांचा खून झाला. कायदेशीर राजकारणाचा धागा वेगळा. तुर्कस्तानातल्या कुर्दी पक्षाने २००५ मध्ये सहअध्यक्षपद आणि बायकांसाठी चाळीस टक्क्यांचा कोटा आणला. तेव्हा तिथल्या पक्षकायद्यात दोन अध्यक्षांची सोयच नव्हती. ती २०१४ मध्ये झाली. त्याच वर्षी त्यांनी नगरपालिकांतही सहमहापौर आणले आणि दियारबाकिरला गुल्तान किशानाक महापौर झाल्या.

सीरियात त्याच २००५ साली येकितिया स्टार ही बायकांची संघटना निघाली, तीच पुढे काँग्रा स्टार झाली. असदच्या बाथ पक्षाच्या राजवटीत कुर्दी संघटना म्हणजे सरळ तुरुंग. १९६२च्या हसाका प्रांतातल्या जनगणनेने सुमारे एक लाख वीस हजार कुर्दांचं नागरिकत्वच काढून घेतलं होतं. अशा ठिकाणी काम चालायचं ते घरात, चहाच्या निमित्ताने, लग्नकार्याच्या आडून. पोलिसांची नजर पुरुषांवर असायची, बायका एकमेकींकडे गेल्या तर कुणाला वावगं वाटत नसे. २०१२ ला सत्ता रिकामी झाली तेव्हा कोणत्या गल्लीत कोणावर भिस्त ठेवायची हे या बायकांना आधीपासून ठाऊक होतं. बाहेरच्या जगाला अचानक वाटलेल्या गोष्टीमागे ही वर्षं होती.

चळवळीचं सगळ्यांत टिकाऊ काम कुठलं, असं विचारलं तर मी माला जिनचं नाव घेईन. माला जिन म्हणजे बायकांचं घर. पहिलं २०११ मध्ये कामिशलो शहरात उघडलं, पुढे ती गावोगावी झाली. एखादी जुनी इमारत, दोनतीन खोल्या, भिंतीलगत गाद्या, स्टोव्हवर चहा. बसणाऱ्या बहुतेकजणी पन्नाशीच्या पुढच्या, त्याच भागातल्या, शाळा फारशी न पाहिलेल्या, पण कुळं, सोयरिकी आणि जुनी वैरं तोंडपाठ असणाऱ्या. नवऱ्याने मारलं, भावांनी वाटणी नाकारली, बापाने पंधराव्या वर्षी लग्न ठरवलं, घटस्फोट हवा पण मुलं सोडायची नाहीत, अशी कोणतीही गोष्ट घेऊन बाई येते. आधी तिचं ऐकलं जातं, तिच्या सोबत कुणी आलं असेल तर त्याला बाहेर बसवून. एकजण लिहून घेते. मग समोरच्या बाजूला निरोप जातो. त्याचंही ऐकतात, पण वेगळं. दोघांना समोरासमोर बसवायचं ते ती तयार असेल तरच. तोडगा निघाला तर कागद होतो: मारणार नाही, घरखर्चाला इतके देईन, माहेरी जायला अडवणार नाही. खाली सह्या आणि साक्षीदार. पुढे माला जिनच्या बायका त्या घरी फेरी मारतात. सहज आल्यासारख्या येतात, पण गल्लीला कळतं की लक्ष आहे.

मारहाण गंभीर असेल, जिवाला धोका असेल, तर प्रकरण आसायिश या सुरक्षा दलातल्या बायकांच्या शाखेकडे आणि न्यायालयाकडे जातं. बाकीचे तंटे कोमीनची समेट समिती हाताळते. या समित्यांना तुरुंगात टाकायचा अधिकार नाही. दोन्ही बाजूंना पटेल असा निकाल काढायचा, नाही निघाला तर वर पाठवायचं. मोहल्ल्याच्या पातळीवर समेट समित्याही दोन असतात. बायकांवरचा अत्याचार, जबरीचं लग्न, दुसरी बायको ही प्रकरणं फक्त बायकांच्या समितीपुढे येतात. गावच्या पंचायतीत म्हाताऱ्या पुरुषांपुढे उभं राहून सासऱ्याची तक्रार सांगण्यापेक्षा ही वाट किती वेगळी, ते कळायला कुर्दी भाषा यावी लागत नाही.

पण इथेच ही व्यवस्था सगळ्यांत हळवीही आहे. समेट हे ध्येय धरलं की बाईला परत त्याच घरात पाठवायचा मोह होतो. समेट झाला की सगळ्यांना बरं वाटतं आणि तिच्या पाठीवरचे वळ विसरले जातात. ओळखीच्या बायकांनी ऐकणं ही ताकद, तशीच अडचण. आपली गोष्ट मावशीच्या कानावर जाईल या भीतीने काहीजणी येतच नाहीत. आणि घर सोडलं तर राहायचं कुठे, खायचं काय, याचं उत्तर कागदावरच्या सहीत नसतं. हातात स्वतःचा पैसा नसलेल्या बाईचा समेट हा खरा समेट नसतो. चळवळीतल्या बायकांना हे कळलं, म्हणूनच सहकारी संस्था त्यांच्या कामात इतक्या मध्यवर्ती आल्या.

त्याआधी कायद्याचं सांगतो. नोव्हेंबर २०१४ मध्ये जझीरा कँटनने बायकांविषयीचा कायदा केला. लग्नाचं किमान वय अठरा, बहुपत्नीत्व बंद, मुलीच्या संमतीशिवाय लग्न नाही, वधूमूल्य बंद, वारसा आणि साक्ष दोन्हींत बाई-पुरुष समान. बर्देल म्हणजे आपल्याकडचं साटंलोटं, तेही बंद. एका घरची मुलगी दुखावून माहेरी परतली की दुसऱ्या घरच्या निरपराध मुलीलाही परत पाठवायचं, हा त्या प्रथेचा क्रूर हिशोब होता.

अंमलबजावणीत अडथळे दोन. पहिला कागदाचा. दमास्कसच्या सरकारने रोजावातल्या या रचनेची, म्हणजे स्वायत्त प्रशासनाची, विवाहनोंदणी मानली नाही. मुलाला ओळखपत्र, पासपोर्ट, विद्यापीठात प्रवेश हवा तर लग्न सरकारी शरिया न्यायालयातही नोंदवावं लागे. त्या दुसऱ्या नोंदीला जुनाच कायदा लागू. दुसरी बायको करायचीच आहे, तो मौलवीकडे निकाह लावून मोकळा होई. दुसरा अडथळा मुलखाचा. आयसिसला हटवता हटवता प्रशासन रक्का आणि देर एझोरसारख्या अरबबहुल भागांत पोचलं, तिथे टोळीप्रमुखांनी बहुपत्नीत्वाच्या कलमाला उघड विरोध केला आणि प्रशासनाने तिथे ते जोर लावून राबवलं नाही. मला हा निर्णय समजतो, पण पटत नाही. तिथल्या बायकांसाठी २०२१ मध्ये रक्क्यात झेनोबिया ही वेगळी संघटना निघाली, कारण बाहेरून आलेल्या कुर्दी बाईने शिकवलेलं स्वातंत्र्य अरब घरात शिरत नाही. तिथलीच बाई लागते.

बैठकीइतकीच आणखी एक रीत या चळवळीत पाळली जाते, तिला तेकमील म्हणतात. दिवसाच्या किंवा एखाद्या कामाच्या शेवटी गट गोल बसतो, एकजण चालवते. काय झालं ते थोडक्यात सांगायचं, मग टीका. हात वर करायचा, नाव घ्यायचं आणि कृतीवर बोलायचं: 'आज भाकरी वाटताना तू रांग मोडून ओळखीच्यांना आधी दिलंस.' जिच्याबद्दल बोललं जातंय ती उत्तर देत नाही. खुलासा नाही, सबब नाही. एकीने मांडलेला मुद्दा दुसरीने पुन्हा उगाळायचा नाही. शेवटी ज्यांना स्वतःविषयी बोलायचंय त्या बोलतात. उत्तर न देण्याची अट सुरुवातीला फार जाचते, पण तिच्यामुळेच वीस वर्षांची मुलगी कमांडरबाईला तोंडावर चूक सांगू शकते आणि भांडण होत नाही. बिघडते तेव्हा ही रीत दोन तऱ्हांनी बिघडते. एक, ती पाठ केलेल्या वाक्यांची होते, सगळ्याजणी 'मी वेळेवर उठत नाही' एवढंच कबूल करून मोकळ्या होतात. दोन, गटाला न आवडणारं मत हीच चूक ठरायला लागते. दुसरी जास्त घातक, आणि शिस्तबद्ध चळवळींना तिचा धोका नेहमीच असतो.

आता पैसा. जझीरा हा गव्हाचा मुलूख. बाथ सरकारने तिथे गहू पिकवून घेतला पण त्यावरचे उद्योग उभे केले नाहीत. अशा ठिकाणी बाईला मजुरी मिळते ती कापणीपुरती. म्हणून बायकांच्या सहकारी संस्था निघाल्या: बेकऱ्या, शिवणकाम, भाजीचे मळे, दुधाचे पदार्थ, पडीक सरकारी जमिनीवरची शेती. पाचसातजणी जमल्या तरी चालतं. फसतात त्या साधारण सारख्याच कारणांनी. उत्पादन होतं पण विकायला रस्ता नसतो, कारण सरहद्दी बंद. डिझेल मिळालं नाही की पंप बंद, पंप बंद की मळा वाळतो. सीरियन पाउंड इतक्या झपाट्याने घसरत गेला की हंगामाच्या सुरुवातीला घातलेलं भांडवल शेवटी निम्म्याचंही राहत नसे. सुरुवातीचे पैसे बाहेरून आले असले तर ते संपताच गट फुटतो. ज्या टिकल्या त्या बहुतेक रोज लागणाऱ्या वस्तूंच्या. भाकरी रोजच लागते.

जिनवार हे गाव याच विचारातून उभं राहिलं. दिर्बेसियेजवळ २०१७ मध्ये बांधकाम सुरू झालं आणि २५ नोव्हेंबर २०१८ ला, बायकांवरील हिंसेविरोधाच्या दिवशी, ते उघडलं. तीस घरं, एकट्या बायकांसाठी आणि मुलंबाळं असलेल्यांसाठी. पुरुष पाहुणे दिवसा येऊ शकतात, मुक्कामाला नाही. घरं मातीच्या कच्च्या विटांची, बऱ्याचशा त्यांनीच पाडलेल्या. चिकणमाती, गव्हाचा भुसा आणि पाणी पायांनी तुडवायचं, मुरू द्यायचं, लाकडी साच्यात दाबायचं आणि साचा उचलून वीट उन्हात सोडायची. वरची बाजू सुकली की कडेवर उभी करायची, म्हणजे सगळीकडून वारा लागतो. भुसा कमी पडला तर वाळताना तडे जातात, पाणी जास्त झालं तर साचा उचलताच वीट बसते. जाड भिंतींमुळे चाळिशीपार गेलेल्या उन्हातही घर गार राहतं. सिमेंटसाठी कुणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही. पण छताला दर वर्षी पावसाआधी मातीचा लेप द्यावा लागतो, एक वर्ष चुकलं की गळती. ऑक्टोबर २०१९ मध्ये तुर्की सैन्य घुसलं तेव्हा गाव रिकामं करावं लागलं. नंतर बायका परतल्या. पुढच्या वर्षी त्यांनी तिथे दवाखानाही सुरू केला.

या प्रयोगाचं कौतुक करणारे काही गोष्टी टाळतात, त्या टाळू नयेत. कोमीनमधून डिझेल, गॅस, साखर वाटली जाई आणि सहअध्यक्षाच्या सही-शिक्क्याशिवाय कामं अडत. त्यामुळे पुष्कळ लोकांच्या लेखी कोमीन म्हणजे रेशनचं दुकान. चर्चेला दहाजण, वाटपाला शंभर. सगळी रचना एका पक्षाच्या विचाराभोवती फिरते आणि विरोधी कुर्दी पक्षांची कार्यालयं बंद केली गेली, माणसं पकडली गेली. अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना लढाईत घेतल्याच्या तक्रारी खऱ्या होत्या. २०१४ मध्ये ते थांबवायचा करार झाला, तरी २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांबरोबर पुन्हा करार करावा लागला, यातच काय ते आलं. आणि बायकांच्या मुक्तीची चळवळ प्रत्येक सभागृहात एका पुरुषाचा, पीकेकेचा संस्थापक ओजलान याचा, फोटो लावते, हा सवाल कुर्दी स्त्रीवाद्यांनीही केला आहे. चळवळीतल्या बायकांचं म्हणणं असं की विचार त्यांनी मांडला, पण पुरुष सहकाऱ्यांशी भांडून वेगळ्या संघटना उभ्या केल्या त्या आम्ही. दोन्ही बाजू खऱ्या आहेत असं मला वाटतं, आणि म्हणूनच मला फोटोपेक्षा बैठकीचे नियम महत्त्वाचे वाटतात.

या बायकांना मारणाऱ्यांनाही ते कळलेलं दिसतं. ऑक्टोबर २०१९ मध्ये हेवरीन खलफ या पक्षनेत्याला एम ४ महामार्गावर गाडीतून ओढून मारलं. जून २०२० मध्ये कोबानीजवळ काँग्रा स्टारच्या झेहरा बेर्केल ड्रोनहल्ल्यात गेल्या, जून २०२३ मध्ये कामिशलो कँटनच्या सहअध्यक्ष युसरा दरविश. यातल्या कुणी आघाडीवर लढत नव्हत्या. तुर्कस्तानात हेच काम सरकारी आदेशाने झालं. २०१६ पासून निवडून आलेल्या महापौरांच्या जागी सरकारी प्रशासक नेमले, किशानाक तुरुंगात गेल्या आणि प्रशासकांनी बऱ्याच ठिकाणी आल्या आल्या बायकांची केंद्रं आणि निवारे बंद केले. बात्मान शहर २००० च्या आसपास बायकांच्या आत्महत्यांसाठी बातम्यांत आलं होतं. मार्च २०२४ मध्ये त्याच शहराने गुलिस्तान सोनुक या तरुण बाईला साठ टक्क्यांहून जास्त मतांनी महापौर केलं. नोव्हेंबरमध्ये त्यांनाही हटवलं.

'जिन, जियान, आझादी' (बाई, जगणं, स्वातंत्र्य) ही याच चळवळीची घोषणा. सप्टेंबर २०२२ मध्ये इराणमधल्या साक्केझ या कुर्दी शहरात, पोलिसांच्या ताब्यात मेलेल्या जिना (महसा) अमिनीच्या दफनाच्या वेळी ती उठली आणि कुर्दी नसलेल्या शहरांतही पोचली. कोमीन आणि बायकांची परिषद मात्र तिच्यासोबत जाऊ शकली नाही. ती उभी करायला वर्षं लागतात, आणि पोलिस नसलेली एखादी खोली.

डिसेंबर २०२४ मध्ये असद पळाला. १० मार्च २०२५ ला कुर्दी नेतृत्व आणि दमास्कसचं नवं सरकार यांच्यात आठ कलमांचा करार झाला, त्यात ईशान्येच्या नागरी आणि लष्करी संस्था देशाच्या संस्थांत सामावून घ्यायच्या असं ठरलं. बायकांविषयी त्यात एक ओळ नाही. त्याच महिन्याच्या शेवटी जाहीर झालेल्या तेवीस जणांच्या मंत्रिमंडळात बाई एकच, हिंद कबावात, सामाजिक कल्याण आणि कामगार खात्यावर. दमास्कसमध्ये खात्याला प्रमुख एकच असतो. मग दोन सहअध्यक्षांच्या समितीतून कुणाला घ्यायचं, बायकांच्या परिषदेचा अडवण्याचा अधिकार कोणत्या कायद्यात बसवायचा, माला जिनच्या वह्यांतल्या तडजोडींना कोणतं न्यायालय मानणार, २०१४ च्या कायद्याखाली नाकारलेलं दुसरं लग्न आता वैध धरायचं का, अशी प्रश्नांची लांबच लांब यादी उभी राहिली. ईशान्येतल्या बायकांच्या संघटनांनी सहअध्यक्षपद आणि बायकांच्या स्वतंत्र संस्था देशाच्या घटनेत लिहून घ्या अशी मागणी लावून धरली. बायकांच्या लष्करी दलाचंही म्हणणं तेच होतं. सामील व्हायचं, पण वेगळी तुकडी म्हणून.